उंबरा, कडी आणि आबा

आमच्या ऑफिसच्या दाराला कडी नव्हती. पूर्वी कधीतरी होती. ती तुटल्यावर भाऊंनी तिथे सुतळी बांधली आणि विषय संपवला. भाऊ म्हणजे आमचे मालक. जळगावात भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांची सॉफ्टवेअर कंपनी होती, आणि सुतळीवर ती व्यवस्थित चालली होती. त्रास व्हायचा तो फक्त आबांना. रोज सकाळी आले की ते आधी त्या सुतळीकडे बघत, "याले दार म्हनतस!" असं म्हणत आणि मग चपला काढत.

आबा आमच्यातले सर्वांत जुने प्रोग्रामर. मूळचे शिंदखेड्याचे. आठवडाभर जळगावात खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी एसटीने गावी जायचे. त्यांना आबा कधीपासून म्हणायला लागले ते कुणालाच ठाऊक नव्हतं. भाऊ वयाने त्यांच्यापेक्षा मोठे, पण तेही आबाच म्हणत. त्यांच्या बॅगेच्या चेनला बारकं पितळी कुलूप असायचं. बॅग एका बाजूने इतकी उसवलेली होती की आतला डबा बाहेरून दिसायचा. हे मी एकदा त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "तो शिवणीचा प्रश्न आहे. कुलूप बरोबर आहे."

आमचं काम समजायला सोपं होतं. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत जी एक्स-रे आणि सोनोग्राफीची केंद्रं आहेत, त्यांतल्या काहींना आम्ही सॉफ्टवेअर पुरवायचो. तिथला ऑपरेटर पेशंटचा फोटो काढणार, तो कॉम्प्युटरवर कुठल्या तरी फोल्डरमध्ये ठेवणार आणि आमच्या प्रोग्रामला त्या फाइलचा पाथ, म्हणजे पत्ता, सांगणार. आमचा प्रोग्राम त्या पत्त्यावर जाऊन फाइल उचलून डॉक्टरकडे पाठवणार. आता गोची अशी की पत्ता माणूस टाइप करतो, आणि माणूस काहीही टाइप करतो. टाइप केलेल्या पत्त्यावर डोळे झाकून गेलं तर भलत्याच घरातलं सामान उचलून आणलं जातं. म्हणून आधी पत्ता तपासायचा. हे तपासण्यासाठी पायथॉनमध्ये लिहिलेली एक ओळ होती. जग तिला रेगेक्स म्हणतं, आबा पॅटर्न म्हणायचे. बाकीचे सगळे प्रोग्राम आम्ही फाडून, ठिगळं लावून, पुन्हा शिवले होते. त्या एका ओळीला मात्र आबांशिवाय कुणी हात लावत नसे.

मी नवी होते तेव्हा त्यांनी मला ती ओळ शिकवली. मी रावेरकडची, केळीवाल्यांच्या घरातली, कॉलेजात हे सगळं इंग्रजी नावांनी पाठ केलेलं. आबांनी ती सगळी नावं पुसून टाकली. सुरुवातीचं टोपीसारखं चिन्ह म्हणजे उंबरा. शेवटचं डॉलरचं चिन्ह म्हणजे कडी. "उंबरा अन कडी नसली, तर मधी कितीबी चांगलं लिहा, ते घर नही, मैदान शे." टिंब म्हणजे बहुरूपी, ते कुठल्याही अक्षराचं सोंग घेतं, म्हणून त्याच्याआधी उलटी काठी, म्हणजे बॅकस्लॅश, ठेवायची, मग ते मुकाट्याने टिंब म्हणून उभं राहतं. तारा म्हणजे खादाड पाहुणा, सापडेल तेवढं खात जाणारा. आणि उभी रेघ म्हणजे 'किंवा'. हे किंवा, ते किंवा, आणखी ते. उभी रेघ त्यांनी मला फळ्यावर काढून दाखवली आणि लगेच पुसली.

"ही वापरायची नाही," ते म्हणाले.

"का?"

"आज एकाला किंवा लावला, की उद्या त्याचा मेहुणा येतो."

त्यांची पद्धत साधी होती. कुणाला अडवायचं याचा विचारच करायचा नाही, कारण वाईट लोकांची कल्पनाशक्ती आपल्यापेक्षा चांगली असते. कुणाला आत घ्यायचं तेवढं ठरवायचं. केंद्राचं नाव, वर्ष, महिना, पेशंटचा नंबर, एवढंच आणि ह्याच क्रमाने. "वळखना व्हई तोच मझार. बाकी बठ्ठा बाहेर." ओळखीचा तोच आत, बाकी सगळे बाहेर. जो पाथ यात बसायचा नाही त्याच्यासाठी पडद्यावर लाल अक्षरांत तीन शब्द उमटत: वाट मान्य नाही. हे शब्दही आबांचेच. भाऊंनी त्यात 'कृपया' घालून बघितलं होतं. आबांनी ते काढलं. "नाही म्हणताना कृपया कशाला?"

खरं सांगायचं तर हा माणूस फाइलींपुरता असा नव्हता, सगळीकडेच असा होता. कुणी त्यांना पत्ता सांगताना 'इथून पुढे' म्हटलं की संपलं. एकदा कुरियरवाल्याचा फोन आला. तो म्हणाला, "साहेब, मी इथेच आहे, खाली." आबा म्हणाले, "इथे म्हणजे कुठे? मीपण इथेच आहे." तो म्हणाला, भांड्याच्या दुकानासमोर. आबांनी विचारलं, दुकानाचं तोंड कोणीकडे आहे ते सांग, म्हणजे समोर कुठे ते कळेल. पार्सल परत गेलं. त्यात भाऊंचा नवा माउस होता. लग्नपत्रिका आली तर आबा आधी कार्यस्थळ वाचायचे, आणि 'बसस्टँडमागे' एवढंच लिहिलेलं असलं तर त्या लग्नाला जायचे नाहीत. यजमानांवर राग नसायचा. पत्ता अपुरा होता, बस्स.

अशा माणसाच्या घरात अशीच लेक जन्माला यावी यात नवल नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी धुळ्याच्या एका सोनोग्राफी केंद्रात ऑपरेटर होती, आणि ते केंद्र आमचं गिऱ्हाईक होतं. तिने त्याच केंद्रातल्या एका मुलाशी नोंदणी करून लग्न केलं. मुलगा दुसऱ्या जातीचा. शिंदखेड्याला भाऊबंदांची बैठक बसली आणि ठरलं की पोरगी यापुढे या घराची पायरी चढणार नाही. आबा घरात थोरले, पण बैठकीत ते एक शब्दही बोलले नाहीत, आणि गप्प बसणं म्हणजे होकार असं सगळ्यांनी धरून घेतलं. हे काही गुपित नव्हतं. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. भाऊंनी एकदा हिय्या करून विचारलं, "आबा, लेकीला असं बंद कशाला केलं?" आबा म्हणाले, "मी तिले बंद करेल नही. ती पॅटर्नमा बसनी नही." आणि स्क्रीनकडे वळले. मला त्या दिवशी त्यांचा भयंकर राग आला होता. अजूनही ते वाक्य आठवलं की येतो.

पण मग सकाळ व्हायची. आबा दहाला यायचे, सुतळीला नावं ठेवायचे, मशीन चालू करायचे आणि रात्रीपासून कोणकोणते पाथ अडले ते बघायचे. त्यात धुळ्याचा एक हटकून असायचा. मुलगी दिवसाची पहिली फाइल नंबराने ठेवतच नसे. ती मराठीत गावाचं नाव आणि पेशंटचं नाव घालायची. तिचं म्हणणं बिनतोड होतं: शिरपूरकडच्या डोंगरातल्या बाया पुन्हा तपासायला येतात तेव्हा नंबराचा कागद हरवलेला असतो, गाव हरवलेलं नसतं. आबांचं म्हणणं त्याहून बिनतोड होतं: एका गावात त्याच नावाच्या बाया किती, आणि चुकीच्या बाईचा रिपोर्ट डॉक्टरकडे गेला तर? दोघंही बरोबर, त्यामुळे भांडण मिटण्याची सोय नव्हती. ती रोज पहिला पाथ आपल्या पद्धतीने पाठवायची, तो अडायचा, मग ती मुकाट्याने नंबर टाकायची आणि दिवसभर नीट काम करायची.

तो अडलेला पाथ दिसला की आबा म्हणायचे, "उनी." आली. आणि मग चहाचा पहिला घोट घ्यायचे.

एकदा आठवडाभर धुळ्याहून सगळे पाथ बिनचूक यायला लागले. दुसरा कुणी ऑपरेटर बसला होता. भाऊ खूश. आबांचा चहा मात्र रोज सायीसकट गार होऊन परत जायचा. शेवटी मीच धुळ्याला फोन लावला. तिला साधा ताप आला होता. मी हे आबांना न सांगता जरा मोठ्याने भाऊंना सांगितलं. आबांनी मान वर केली नाही, पण त्या दिवशी डबा खाल्ला.

भाऊ अधूनमधून म्हणायचे, आबा, धुळ्यापुरता एक 'किंवा' टाका ना, गावाच्या नावाने आलं तरी चालेल असं. गिऱ्हाईक कटकट करतंय. आबा म्हणायचे, टाका, पण मग ती ओळ तुमची. भाऊ चहा मागवायचे.

मग तो एंटरचा प्रकार झाला. श्रावण लागला होता. एके सकाळी धुळ्याचे रिपोर्ट डॉक्टरांकडे जाणं बंद पडलं. सगळी रांग एका फाइलीमागे अडकून पडलेली. आम्ही शोधतोय तोवर फोन वाजला. मी उचलला. पलीकडे आबांची मुलगी.

"त्यांना सांगा," ती म्हणाली, "कडीला फट आहे. पाथच्या शेवटी नुसतं एंटर दाबलेलं असलं तरी तुमचा पॅटर्न आत सोडतो. मी दुसरीकडून पाथ कॉपी केला, त्याच्यासोबत एंटर आलं. तुमच्या गेटने सोडलं आणि पुढच्या प्रोग्रामला ती फाइल काही सापडेना."

मी हे जसंच्या तसं सांगितलं. आबांनी कीबोर्ड पुढे ओढला. मग त्यांनी करून बघितलं. खरंच होतं. पायथॉनमध्ये डॉलरचं चिन्ह शेवटचं एक एंटर पोटात घालतं. पुस्तकात लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण. इतकी वर्षं ज्या कडीचे ते गोडवे गात होते, ती लोटलेली होती, लागलेली नव्हती. मला वाटलं, आता हा माणूस खचणार. आबांनी डॉलर काढला, त्याच्या जागी उलटी काठी आणि मोठा झेड लिहिला, जो एंटरलाही सोडत नाही. "कडी नको," म्हणाले, "अडसर पाहिजे." रांग हलली. रिपोर्ट गेले. मग ते खुर्चीत मागे टेकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. अभिमानाने माणूस इतका बावळट दिसतो हे मला ठाऊक नव्हतं.

"एवढा दिन कोन्हालेच दिसनं नही," ते भाऊंना म्हणाले. "तिले दिसनं."

फोन अजून माझ्या हातातच होता. मुलगीही तिकडे थांबलेली. ती म्हणाली, "ताई, अजून एक विचारा. रविवारी कानबाई आहे. येऊ का?"

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघरी कानबाई, आमची देवी, बसते. सगळे भाऊबंद एका घरी जमतात. पाहुणारावळा कुणीही दर्शनाला येतो, जेवून जातो, पण रोट, म्हणजे प्रसादाची जाड पोळी, मात्र त्या कुळाचाच. घरातल्यांच्या नावाने दळलेल्या गव्हाचा तो रोट बाहेरच्याला देत नाहीत, आणि आबांच्या घरी तर लग्न झालेल्या लेकीलाही देत नाहीत; ती दुसऱ्या घरची झाली. तो खायचा उंबऱ्याच्या आत, आणि थोरल्याने मोडल्याशिवाय आत कुणी जेवायला लागायचं नाही. थोडक्यात, आबांना साजेसा सण.

मी विचारलं. आबा म्हणाले, "रोट घरन्या मानसेसनाच ऱ्हास."

मी फोनवर सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "रोट नकोच आहे. मी येऊ का, ते विचारतेय."

आबा स्क्रीनकडे वळले. मग म्हणाले, "वाट तिले म्हाईत शे."

हे हो होतं की नाही, ते मला कळलं नाही. मी सांगितल्यावर तिलाही कळलं नसावं, कारण ती लगेच फोन ठेवून मोकळी झाली.

त्या रविवारी भाऊंनी आपली गाडी काढली आणि मी, भाऊ असे शिंदखेड्याला गेलो. भाऊंचं म्हणणं, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी आणि खीर त्या घरासारखी कुठे होत नाही. खरं कारण आम्ही दोघंही बोललो नाही. घर भाऊबंदांनी भरलेलं. मधल्या खोलीत कानबाई मांडलेली, नथ घातलेला नारळ, फुलं, समया. आबांचे धाकटे भाऊ, ज्यांना सगळे नाना म्हणतात, दारातच उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याचं स्वागत करत होते. आम्हाला त्यांनी हाताला धरून आत नेलं. माझा त्या घराशी काडीचा संबंध नव्हता, आणि मी थेट आत जाऊन पाटावर बसले. हे मला तेव्हा फार टोचलं.

ताटं वाढली. घरच्यांच्या ताटांत रोट ठेवले, शेवटी आबांच्या. सगळ्यांचे डोळे त्यांच्या हाताकडे. एवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली.

मुलगी आणि जावई अंगणात आले. ती ओट्यापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली. ओट्यावरून दाराकडे चढणाऱ्या पायरीला पाय लावला नाही. नाना दारातून म्हणाले, "बेटा, तुले म्हाईत शे ना." ती म्हणाली, "म्हाईत शे, काका. मी मझार येस नही. आठेथीनच पाया पडस." आणि तिने तिथूनच, अंगणातून, आतल्या कानबाईला हात जोडले. आतल्या खोलीत काकूंनी, म्हणजे आबांच्या बायकोने, तोंडाला पदर लावला. बाकी कुणी हललं नाही. मला वाटलं, आता आबा एकतर तिला आत बोलावतील, नाहीतर रोट मोडतील. या दोनांपलीकडे मला काही सुचत नव्हतं.

आबांनी रोट उचलला आणि जपून कानबाईपुढे ठेवला. मग आपलं ताट उचललं, खीर आणि भाजी सांडणार नाही अशा बेताने उंबरा ओलांडला, आणि बाहेर ओट्यावर मांडी घालून बसले.

"बस," ते लेकीला म्हणाले. जावयाकडे बघून म्हणाले, "तुम्हीबी बसा." जावई इतका घाबरला की चपलांसकट बसला.

नाना बाहेर आले. "आबा, आठे काबरं बसनात? रोट मोडाना शे."

"रोट मझार खावाना नियम शे," आबा म्हणाले. "भाजी कोठे खावानी, याना नियम नही."

नाना विचारात पडले. त्यांनी नियम आठवून बघितले असावेत. खरंच नव्हता. आबांनी आपल्या ताटातली भाजी लेकीच्या तळहातावर वाढली आणि अगदी सावकाश जेवायला लागले. आत सगळी भाऊबंदकी वाढलेल्या ताटांपुढे उपाशी बसून. थोरल्याने रोट मोडलेला नाही, आणि थोरला तर बाहेर गंगाफळ चावतोय. पोरं चुळबुळ करायला लागली. खिरीवर साय धरली.

"आबा," नाना थोड्या वेळाने म्हणाले, "आम्हीन बठ्ठा भुक्या शेतस."

"मंग या बाहेर. वटा मोठा शे."

आधी पोरं आली, त्यांच्यामागे मी आणि भाऊ. मग काकू आल्या, सरळ लेकीला खेटून बसल्या. मग एकेक सून, एकेक पुतण्या, ताटातला रोट कानबाईपुढे ठेवून बाकीचं ताट घेऊन बाहेर. नाना सर्वांत शेवटी आले आणि जावयाशेजारची जागा उरली होती म्हणून तिथे बसले. आत नुसती कानबाई राहिली. मला रडू आलं, ते मी भाजी फार तिखट आहे असं सांगून निभावलं. भाजी गोड होती.

जेवणं झाल्यावर आबा हात धुऊन आत गेले. घरची माणसं त्यांच्यामागून गेली. त्यांनी रोट मोडला, सगळ्यांनी आत बसून खाल्ला. लेक बाहेर ओट्यावर जावयाच्या चपला बाजूला ठेवत होती. नियम कुठेच मोडला नव्हता. मी मनात दोनदा तपासून बघितलं.

कानबाईचं विसर्जन करून आबा जळगावला परत आले. सुतळीला नावं ठेवली, मशीन चालू केलं आणि दिवसभर मान वर न करता काहीतरी लिहीत बसले. पॅटर्न होता तसाच राहिला, 'किंवा' नाही, सूट नाही. पण गेटच्या बाहेर त्यांनी एक फोल्डर केला आणि त्याला नाव दिलं ओटा. जो पाथ पॅटर्नमध्ये बसत नाही, तो आता परत पाठवायचा नाही. त्याची फाइल ओट्यावर येऊन थांबणार, आणि आमच्यातलं कुणीतरी माणूस उठून तिथे जाणार, ती कुणाची आहे, कुठून आली आहे ते फोन करून विचारणार, खात्री झाली की स्वतः नंबर देऊन आत नेणार. हे काम कोण करणार, असं भाऊंनी विचारलं. आबा म्हणाले, मी. आणि रोज सकाळी धुळ्याला फोन लावायला लागले. फोन लांबायचे. एका फाइलीची खात्री करायला इतका वेळ लागत नाही, पण भाऊंनी कधी काही म्हटलं नाही.

लाल अक्षरांतले ते तीन शब्दही त्यांनी बदलले.

आता आबा शिंदखेड्याला असतात, शेती बघतात, नातीला टिंब आणि उलटी काठी शिकवतात असं ऐकते. ऑफिसच्या दाराला मी कडी बसवून घेतली. ती ओळ आता माझ्याकडे आहे, आणि मी तिला हात लावलेला नाही. पण चाळीसगावहून, शिरपूरहून कुणी नवखा ऑपरेटर भलताच पाथ टाकतो, तेव्हा त्याच्या पडद्यावर आबांचेच शब्द येतात: 'बसा, आलोच.' आणि मी हातातला चहा ठेवून उठते.